वडोदऱ्यातील आंतरराष्ट्रीय शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना संगणक कसा शिकवावा?

प्रश्न
संगणकाची नवी शिक्षिका, वडोदरा

नमस्कार. वडोदऱ्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी आजवर सहावी-सातवीला गणित शिकवत आले आहे. येत्या जूनपासून पहिली ते तिसरीच्या वर्गांचे संगणकाचे तास माझ्याकडे येणार आहेत. शाळेत प्राथमिक स्तरावर केंब्रिजचा अभ्यासक्रम चालतो. आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा तास, एका तुकडीत २८ मुले आणि संगणक-कक्षात २० संगणक अशी व्यवस्था आहे. टॅबलेट थोडे आहेत आणि ते सगळ्या वर्गांना आळीपाळीने वापरावे लागतात.

माझी पहिली अडचण विषयाच्या गाभ्याविषयी आहे. आजवर वापरात असलेल्या वहीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि सीपीयू यांची चित्रे रंगवणे व त्यांची नावे लिहिणे यातच पहिलीचे जवळजवळ अर्धे वर्ष निघून जाते. सहा वर्षांच्या मुलाने ‘सीपीयू हा संगणकाचा मेंदू आहे’ हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवले, तरी त्याला संगणकाबद्दल नेमके काय उमगले हे मला सांगता येणार नाही. दुसरीकडे पालकसभेत ‘कोडिंग केव्हापासून सुरू होणार’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि इतक्या लहान मुलांच्या बाबतीत त्या शब्दाखाली काय शिकवायचे, याविषयी माझ्या मनात स्पष्टता नाही.

दुसरी अडचण भाषेची आहे. शाळेचे माध्यम इंग्रजी असले, तरी मुलांच्या घरी गुजराती, मराठी किंवा हिंदी बोलली जाते, आणि बाहेरच्या देशांतून आलेल्या काही कुटुंबांतील मुलांना तर इंग्रजीही नवीच असते. पहिलीच्या सुरुवातीला बहुतेक मुले इंग्रजी अक्षरे ओळखतात, पण पडद्यावरची सूचना वाचून समजून घेणे त्यांना जमत नाही. अशा वर्गात पहिल्या सत्रात काय घ्यावे, मुलांना पडद्यासमोर किती वेळ बसवावे आणि कोणती साधने वापरावीत, हे ज्यांनी प्रत्यक्ष या वयाच्या मुलांना शिकवले आहे त्यांच्याकडून मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर
प्राथमिक शिक्षिका, दांडिया बाजार

ताई, नमस्कार. आपण विचारलेल्या गोष्टींवर मी अनेक वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

या वयात संगणकाच्या तासाला शिकवण्याजोगी मुख्य गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे ज्याला आपल्या मनातले काहीही कळत नाही अशा कोणाला तरी नेमक्या, क्रमवार सूचना देणे आणि त्या चुकल्या तर नेमकी कोठे चुकल्या हे शोधून काढणे. यंत्राच्या भागांची नावे मुलांना वापरता वापरता आपोआप येतात. त्यांसाठी स्वतंत्र पाठ घेण्याची आवश्यकता नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून जो अभ्यासक्रम लागू झाला, त्यात पाच ते सात वर्षांच्या मुलांनी अल्गोरिदम, म्हणजे एखादे काम करण्याच्या क्रमवार पायऱ्या, हे काय असते ते समजून घ्यावे, साधे प्रोग्राम तयार करावेत आणि त्यांतील चुका दुरुस्त कराव्यात अशी अपेक्षा ठेवलेली आहे. आपल्या पालकांना जे कोडिंग हवे आहे, त्याचे या वयाला शोभणारे रूप हेच आहे.

सुरुवात यंत्राशिवाय करावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या तासाला मी टेबलावर लिंबू, सुरी, साखर, मीठ, पाण्याचा तांब्या आणि पेला मांडून ठेवते आणि मुलांना सांगते की मला सरबत करता येत नाही, तुम्ही सांगाल तेवढेच मी करीन. कोणी ‘लिंबू पिळा’ असे सांगितले की मी अख्खे लिंबू हातात धरून दाबत राहते, आणि ‘साखर घाला’ म्हटले की साखरेचा डबाच पेल्यात पालथा घालू लागते. वर्गात हशा पिकतो, पण त्याच क्षणी एखादे मूल ‘आधी लिंबू कापा, मग अर्धे उचला, मग पेल्यावर धरा’ असे बोलू लागते. लहान पायऱ्या, त्यांचा क्रम आणि मोजमाप या तिन्ही गोष्टी त्या एका खेळातून येतात, आणि त्यासाठी एक अक्षरही वाचावे लागत नाही.

त्यानंतर वर्गाच्या फरशीचा उपयोग करावा. एक मूल यंत्र होते, दुसरे त्याला ‘एक फरशी पुढे’, ‘उजवीकडे वळ’ अशा सूचना देते आणि यंत्र झालेल्या मुलाने ठरलेल्या फरशीपर्यंत पोहोचायचे असते. येथे एक अडचण हमखास येते आणि ती आधीपासून माहीत असलेली बरी. ‘उजवीकडे’ म्हटल्यावर बहुतेक मुले उजव्या बाजूच्या फरशीवर सरकतात, तर यंत्राच्या भाषेत ‘उजवीकडे वळ’ याचा अर्थ जागच्या जागी तोंड फिरवणे एवढाच असतो आणि पुढे जाण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. शाळेत बी-बॉट नावाचा फरशीवर चालणारा लहान यंत्रमानव असेल तर तोही असाच वागतो, एका सूचनेला १५ सेंटिमीटर पुढे जातो आणि वळताना जागेवरच ९० अंशांत फिरतो. त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मुलांना गोंधळात टाकते. आधी दिलेल्या सूचना पुसण्याचे बटण दाबले नाही, तर तो जुन्या सूचना पाळून झाल्यावर नव्या पाळतो, आणि मुलांना वाटते की यंत्र बिघडले. हा गोंधळ आपण लगेच सोडवून देऊ नये. यंत्राला जे सांगितले ते त्याच्याजवळ राहते, ही मोलाची गोष्ट मुलांनी स्वतः शोधून काढली तर ती पक्की होते.

यंत्राचे तोंड आपल्याकडे असले की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, आणि लहान मुलांना हे फार जड जाते. अशा वेळी मुलाला उठवून यंत्राच्या मागे, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे करावे आणि स्वतः चालून पाहायला सांगावे. १९६७ मध्ये सेमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात सूचनांप्रमाणे चालत रेघ काढणारे जे कासव आले त्याच्यामागे हाच विचार होता, की मुलाने स्वतः कासव होऊन, आपल्या शरीराने विचार करून रेघ कशी निघेल ते ठरवावे. पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते, आणि मूल स्वतः काही घडवताना शिकते या विश्वासाची मुळे त्या काळात आहेत.

पुनरावृत्ती शिकवण्यासाठी आपल्या गावात शोधाशोध करण्याची गरजच नाही. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यांत मी बे ताळीचा आणि त्रण ताळीचा, म्हणजे दोन आणि तीन टाळ्यांचा, गरबा घेते. पावलांसाठी बाण आणि टाळीसाठी ठिपका अशा खुणांनी मुले एक फेरा कागदावर लिहितात, त्याच्याभोवती चौकट काढतात आणि चौकटीवर किती वेळा करायचे तो आकडा घालतात. मग एका गटाने लिहिलेला गरबा दुसऱ्या गटाने करून दाखवायचा. फेरा संपताना पाऊल पुन्हा मूळ जागी आणि तोंड मूळ दिशेला आले नाही, तर दुसऱ्या फेऱ्याला सगळे वर्तुळ विस्कटते, आणि चूक कागदावरच्या कोणत्या खुणेत आहे हे मुलांना नाचता नाचता सापडते. माझ्या वर्गात चूक शोधण्याची गोडी सर्वांत जास्त याच पाठातून लागली आहे.

भाषेविषयी एवढेच सांगते की समजावून देताना मुलाच्या घरची भाषा मोकळेपणाने वापरावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे. आपली शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे अल्गोरिदम, डीबग (चूक शोधून दुरुस्त करणे), लूप (पुनरावृत्ती) हे शब्द इंग्रजीतच येऊ द्यावेत. मात्र त्यांचा अर्थ मराठी, गुजराती किंवा हिंदीत विचारला असता मूल सांगू शकते का, हे अवश्य पाहावे. परदेशातून आलेल्या मुलांना बाण आणि चित्रे पुरतात, आणि फरशीवरच्या खेळात ती मुले पहिल्याच दिवसापासून बरोबरीने उतरतात.

उत्तर
शाळेचा संगणक-कक्ष सांभाळणारा, अलकापुरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी शिक्षक नाही, तर एका शाळेतील संगणक-कक्षाची जबाबदारी पाहतो, त्यामुळे यंत्रांच्या बाजूने लिहितो.

आपल्याकडे २८ मुले आणि २० संगणक आहेत, ही अडचण मानू नका. दोन मुलांना एक संगणक दिल्यास १४ संगणक लागतात आणि सहा राखीव राहतात, म्हणजे मध्येच एखादे यंत्र अडले तरी तास थांबत नाही. जोडीतील एकाने माउस हाताळायचा आणि दुसऱ्याने फक्त तोंडाने सांगायचे. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही. काही मिनिटांनी घंटा वाजवून भूमिका बदलाव्यात. सांगणाऱ्या मुलाला आपला विचार शब्दांत मांडावाच लागतो, आणि वरच्या उत्तरात ज्या नेमक्या सूचनांचे महत्त्व सांगितले आहे त्यांचा सराव येथे आपोआप होतो.

खुर्च्या आणि टेबले बहुधा मोठ्या मुलांच्या मापाची असतील. सहा वर्षांच्या मुलाचे पाय अधांतरी राहिले की ते दहा मिनिटांत चुळबुळ करू लागते आणि आपण त्याला बेशिस्त समजतो. आमच्याकडे सुताराकडून साधे लाकडी पाट करून घेतले आणि ते पायांखाली ठेवले. मॉनिटर स्टँडवरून उतरवून थेट टेबलावर ठेवले. माउसचा वेग सेटिंगमधून कमी करावा, बाण मोठा करावा आणि शक्य तेथे एका क्लिकने उघडेल अशी व्यवस्था करावी, कारण लागोपाठ दोनदा क्लिक करताना लहान बोटांनी माउस हलतो आणि काहीच उघडत नाही. कीबोर्डवर मोठी लिपी छापलेली असते, तर पहिलीची मुले वाचायला बहुतांशी छोटी लिपी शिकत असतात. त्यामुळे निदान काही कीबोर्डांवर छोट्या लिपीची चिकटपट्टी लावावी. टंकलेखनाचा पद्धतशीर सराव तिसरीच्या आधी घेऊ नये, असे मला वाटते. बोटे तेवढी पसरतच नाहीत.

साधनांविषयी. स्क्रॅचज्युनियर हे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रे हलवण्याचे ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ मध्ये टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी यांनी मिळून तयार केले. त्यातील ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे आहेत, ते वाचनासारखे डावीकडून उजवीकडे जोडायचे असतात, आणि पडद्यावर चौकटींची जाळी आणता येते, म्हणजे फरशीवर मोजलेली घरे तेथे पुन्हा मोजता येतात. त्याला खाते लागत नाही आणि मुलांचे काम त्याच उपकरणावर राहते. मात्र ते टॅबलेट आणि क्रोमबुकसाठी आहे, साध्या विंडोज संगणकासाठी त्याची अधिकृत आवृत्ती नाही. त्यामुळे मोजके टॅबलेट पहिली-दुसरीसाठी राखून ठेवण्याची विनंती आपण आत्ताच मुख्याध्यापकांकडे करावी. आपल्या संगणकांवर जीकॉम्प्रिस आणि चित्रे काढण्याचे टक्स पेंट ही दोन मुक्त सॉफ्टवेअर घालून घ्या. दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात, आणि माउस धरणे, ओढणे व सोडणे यांच्या सरावासाठी जीकॉम्प्रिसमधील छोटे खेळ उपयोगी पडतात. एमआयटीच्याच मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आलेले, ठोकळे जोडूनच चालणारे स्क्रॅच हे आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आखलेले आहे. तिसरीच्या दुसऱ्या सत्रात, मुले वाचू लागल्यावर, ते संगणकावरच घालून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्या संकेतस्थळावर मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा छायाचित्र द्यावे लागते, ते पालकांच्या लेखी संमतीवाचून वर्गात उघडू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे, आणि बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पहिलीच्या मुलांसाठी मी पासवर्ड न लागणारे एकच स्थानिक खाते ठेवतो आणि त्यावर इंटरनेट बंद असते. तासाची दहा मिनिटे लॉग-इन करण्यात गेली की शिकवायला काय उरते?

उत्तर
दुसरीतील मुलीची आई, कारेलीबाग

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी अशाच एका शाळेत दुसरीत शिकते. यंत्राशिवाय शिकवण्याची कल्पना मला आवडली, पण तिच्याबद्दल एक शंका मांडते.

ज्या घरांत संगणक आहे तेथील मुले फरशीवरचे खेळ खेळून घरी गेली की संगणकालाही हात लावतात. पण आमच्या मुलीच्या वर्गात अशीही मुले आहेत ज्यांच्या घरी फक्त मोबाइल आहे, आणि मोठ्या शुल्काच्या शाळेतही अशी घरे असतात. ती मुले मॉनिटरवर बोट फिरवून पाहतात आणि काहीच हलत नाही म्हणून गोंधळून जातात. शाळेतला तास हाच त्यांचा संगणकाशी येणारा एकमेव संबंध असेल आणि तोही अर्धे वर्ष लांबणीवर पडला, तर ती मुले मागे पडतील. म्हणून यंत्राविनाचे पाठ आवर्जून घ्यावेत, परंतु संगणक दिवाळीनंतर दाखवू असे मात्र करू नये.

कोडिंगबद्दल पालकांच्या बाजूनेही सांगते. आम्हाला फोनवर, पत्रकांतून आणि सोसायटीच्या गटांतून इतक्या जाहिराती येतात की आपले मूल सहाव्या वर्षी ॲप करत नाही म्हणजे आपण पालक म्हणून कमी पडतो आहोत, असे वाटू लागते. शाळेने पालकांना एकदा बसवून आपण काय शिकवतो आणि का शिकवतो हे दाखवले, तर ही भीती पुष्कळ कमी होईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत आणण्याचे म्हटले आहे, हे मला फार उशिरा कळले. ते आधी कळले असते तर मी निश्चिंत राहिले असते.

उत्तर
प्राथमिक शिक्षिका, दांडिया बाजार

आपली शंका अगदी रास्त आहे, आणि माझ्या उत्तरात ती बाजू सुटली होती, म्हणून जोडते. यंत्राविनाचे पाठ आणि यंत्रावरचे पाठ असे दोन वेगळे कालखंड करू नयेत. एकाच तासाचे दोन भाग करावेत. पहिली १५ मिनिटे फरशीवर किंवा कागदावर, पुढची १५ ते २० मिनिटे तीच कल्पना यंत्रावर, आणि शेवटी आज काय अडले याविषयी गोल बसून बोलणे. फरशीवर जो मार्ग चालून पाहिला तोच स्क्रॅचज्युनियरमधील पडद्यावरच्या मांजरीला चालवायचा असेल, तर मुलांना दोहोंतला संबंध लगेच दिसतो.

पडद्याच्या वेळेबद्दल विचारले होते ते राहिलेच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांहून कमी वेळेची मर्यादा सुचवली आहे. आठवड्यातली आपली १५-२० मिनिटे या हिशेबात फार थोडी आहेत. तरीही घरचा दूरदर्शन आणि मोबाइल त्यात मिळवावा लागतो, म्हणून ‘संगणकाचा अभ्यास’ या नावाखाली पहिली-दुसरीला पडद्यावरचा गृहपाठ अजिबात देऊ नये. गृहपाठ द्यायचाच असेल तर आजीला किंवा आईला विचारून पोळी लाटण्याच्या पायऱ्या चित्रांनी काढून आणायला सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाने त्यातील सुटलेली पायरी शोधावी.

उत्तर
प्राथमिक शिक्षक, इंदूर

इंदूरमध्ये मी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या संस्थेच्या पीवायपी या प्राथमिक कार्यक्रमाच्या शाळेत शिकवतो. हा कार्यक्रम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असून १९९७ पासून चालू आहे. त्यात संगणक हा वेगळा विषय म्हणून उभा न करता वर्गात चालू असलेल्या शोध-घटकाशी जोडण्याकडे कल असतो. आपली शाळा केंब्रिजची असली, तरी त्यातून एक गोष्ट आपल्याला घेता येईल. संगणकाच्या तासात काय चालले आहे हे वर्गशिक्षिकेला आणि वर्गात काय चालले आहे हे आपल्याला माहीत असले, तर मुलांना संगणक कशासाठी वापरायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

माहिती हाताळण्याचे उदाहरण घेऊ. आमच्या दुसरीच्या मुलांनी ‘शाळेत कोण कशाने येते’ हे विचारून घेतले. बस, व्हॅन, रिक्षा, स्कूटर आणि पायी असे गट पाडले, प्रथम प्रत्येक मुलामागे एक लाकडी ठोकळा रचून मनोरे केले, मग तेच चौकटीच्या कागदावर रंगवले आणि अखेरीस संगणकावर चित्रालेख केला. पहिले दोन टप्पे झाल्यामुळे तिसऱ्या टप्प्यावर मुले चित्रालेखाला प्रश्न विचारू लागली. रिक्षाचा मनोरा सर्वांत उंच का, पायी येणारे इतके थोडे का, असे प्रश्न आले. एकाने तर दोन मुले आज गैरहजर आहेत, म्हणजे आपला मनोरा अपुरा आहे, असे सांगितले. माहिती गोळा करताना काहीतरी सुटते, याची जाणीव सातव्या वर्षी होणे मला फार महत्त्वाचे वाटते. वडोदऱ्यात आपल्याला हाच पाठ सयाजीबागेच्या सहलीला जोडता येईल. कोणते प्राणी किती दिसले याची नोंद मुले आनंदाने करतील.

तिसरीसाठी एक सुचवतो. ठिपक्यांची रांगोळी मराठी घरांतल्या मुलांच्या परिचयाची असते आणि चौकटीचा कागद सर्वांच्याच. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाने आपल्या कागदावरचे चित्र ‘तिसरी ओळ, चौथे घर, काळे’ असे सांगायचे आणि दुसऱ्याने न पाहता ते काढायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पडद्यावरचे चित्र कसे बनते हे समजावून द्यायला फारसे शब्द लागत नाहीत. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राविना संगणकशास्त्र शिकवण्याचे असे पुष्कळ उपक्रम मांडले आहेत. त्यांतला १, २, ४, ८ आणि १६ ठिपक्यांच्या पाच पत्त्यांचा खेळही तिसरीला झेपतो. पत्ते उघडे आणि पालथे ठेवून ० ते ३१ पर्यंतची कोणतीही संख्या दाखवता येते, हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे, आणि आपण गणित शिकवत आला असल्यामुळे तो पाठ आपल्या हातून विशेष चांगला होईल.

सुरक्षिततेचा धडा मात्र पहिल्याच महिन्यात घ्यावा. या वयाला मोठी व्याख्याने समजत नाहीत. पडद्यावर काही विचित्र, भीतीदायक किंवा न कळणारे दिसले तर मॉनिटरचे बटण बंद करायचे आणि हात वर करून शिक्षकांना बोलवायचे, एवढी एकच कृती दर महिन्याला करवून घ्यावी. जे मूल बोलावते त्याला कधीही रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते लपवील.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
संगणकाची नवी शिक्षिका, वडोदरा

आपण सर्वांनी वेळ काढून इतके तपशीलवार लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. तासाचे दोन भाग करणे, जोड्यांनी काम देणे आणि टॅबलेट पहिली-दुसरीसाठी राखून ठेवण्याची मागणी करणे हे मी निश्चित केले आहे. पाटांची कल्पना मुख्याध्यापिकांनाही लगेच पटली. गरब्याचा पाठ नवरात्राच्या आधी घेईन, आणि त्या वेळी पालकांनाही वर्गात बोलावीन, म्हणजे कारेलीबागेच्या ताईंनी सुचवलेली पालकभेटही त्यातच होईल.

आता एक शेवटची गोष्ट विचारते. आमच्या प्रगतिपुस्तकात संगणकासाठी श्रेणी द्यावी लागते. आजवर ती भागांच्या नावांच्या लेखी चाचणीवरून दिली जात होती. जोडीने केलेल्या कामावरून आणि फरशीवरच्या खेळांवरून एकेका मुलाची श्रेणी कशी ठरवावी?

उत्तर
प्राथमिक शिक्षिका, दांडिया बाजार

लेखी चाचणी बंद करता आली तर अवश्य करावी. मी प्रत्येक सत्रात एकदा मुलांना एकेक करून बोलावते, एक चुकीचा प्रोग्राम पुढे ठेवते आणि मांजर झाडापर्यंत का पोहोचत नाही ते सांग, असे विचारते. मूल काय करते ते मी शब्दांत टिपते. ते नुसते वाटेल तसे ठोकळे बदलत राहते, की एकेक पायरी बोटाने दाखवत पुढे जाते, की न चालवताच चूक कोठे आहे ते सांगते, आणि चूक सापडल्यावर तिचे कारण स्वतःच्या भाषेत सांगू शकते का, हे त्यातून स्पष्ट दिसते. उत्तर गुजरातीत किंवा मराठीत दिले म्हणून श्रेणी कमी करू नये. एका मुलाला तीन-चार मिनिटे पुरतात. उरलेला वर्ग त्या वेळी टक्स पेंटमध्ये चित्र काढत असतो, त्यामुळे २८ मुलांची तुकडी तीन-चार तासांत, म्हणजे साधारण महिन्याभरात पूर्ण होते. प्रगतिपुस्तकात श्रेणीशेजारी एक ओळ लिहिण्याची जागा असेल, तर ‘सूचना क्रमाने देते, वळण्याच्या सूचनेत अजून गोंधळ होतो’ अशी नोंद करावी. पुढच्या वर्षी त्या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षिकेला कोठून सुरुवात करायची हे त्यातून कळते.